राखणीचा कॅमेरा



भात घरात आले, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या आणि खाचरातल्या ओलीवर टाकलेला वाल आता चार पानांवर आला असेल. भेंडी-काकडी करणाऱ्यांच्या मोटारी ओढ्यावर, नदीवर, विहिरीवर बसू लागल्या. मोटारी बसल्या की त्यांच्या मागोमाग चोरही येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. केबल कापून नेतात, तांब्यासाठी मोटार फोडतात, आणि ऐन फुलोऱ्यात भेंडीला पाण्याचा ताण बसतो. त्यामुळे हल्ली शहापूर-मुरबाडच्या फेरीत खताची मात्रा विचारणारे जितके भेटतात, तितकेच "साहेब, कॅमेरा कोणता घ्यावा?" असे विचारणारे भेटतात. ग्रामपंचायतीही चौकात, शाळेपुढे, पाण्याच्या टाकीवर कॅमेरे बसवू लागल्या आहेत. म्हणून या वेळी खत-औषधाचा विषय बाजूला ठेवून कॅमेऱ्याबद्दलच लिहितो.

आपल्या भाषेत दोन निरनिराळे शब्द आहेत. पिकाची आपण राखण करतो. माणसावर पाळत ठेवतो. नागलीच्या शेतात माळ्यावर बसलेला राखणदार साऱ्या गावाला ठाऊक असतो. तो कुठे बसतो ते दिसते, काय राखतो ते माहीत असते, आणि कापणी झाली की माळा मोडून तो घरी येतो. पाळत ठेवणारा आडून बघतो, काय बघितले ते सांगत नाही, आणि त्याचा हंगाम कधी संपत नाही. कॅमेरा घेताना या दोहोंपैकी आपण काय विकत घेतो आहोत, हे आधी पाहावे. दुकानदार ते सांगणार नाही.

मुरबाडकडच्या एका गावात, नाव सांगत नाही, पावसाळा संपता संपता नदीकाठच्या चार मोटारी एकाच आठवड्यात गेल्या. तरुण मंडळींनी वर्गणी काढली, सोलरवर चालणारा सिमकार्डाचा कॅमेरा आणला आणि उतारावरच्या ऐनाच्या झाडाला उंच बांधला. तिथून नदीचा सगळा काठ दिसे. चोरी थांबली, मंडळी खूश झाली. पुढे मी भेंडीवरचा केवडा पाहायला तिथे गेलो, तर पाणवठ्यावर चिटपाखरू नाही. एरवी सकाळी दहाच्या सुमारास तिथे धुण्याचा आवाज लांबवर ऐकू येई. कोणी कारण सांगेना. शेवटी एक आजी म्हणाली, "त्या झाडाला डोळा बसवलाय रे बाबा. पोरांच्या मोबाईलात आम्ही धुणं धुताना दिसतो, अंघोळ करताना दिसतो. आम्ही आता वरच्या डोहावर जातो."

वरचा डोह अर्ध्या कोसावर, वाट निसरडी, बाजूला दाट रान. मोटारी सुखरूप राहिल्या. पण गावातल्या बायका रोज डोक्यावर ओझे घेऊन एकटदुकट त्या वाटेने जाऊ लागल्या. त्यांतल्या एखादीचा पाय घसरला असता किंवा तिला कोणी अडवले असते, तर त्याची नोंद त्या कॅमेऱ्यात झाली नसती.

पोरांच्या मनात पाप होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी मोटारी राखायला कॅमेरा लावला आणि तो कुठवर बघतो याचा विचार केला नाही, इतकेच. महिला सभेत हा विषय निघाला तेव्हा थोडी वादावादी झाली, पण तोड निघाली. कॅमेरा झाडावरून उतरवून मोटारीच्या खोपटाच्या खांबावर, तोंड खाली करून बसवला. आता त्यात स्टार्टरची पेटी, पाइपाचे तोंड आणि खोपटाकडे येणारी पायवाट एवढेच दिसते. आधी अकरा मोबाईलवर चित्र दिसत होते, ते दोनांवर आणले. त्यातला एक बचत गटाच्या अध्यक्षबाईंकडे आहे. मोटारी जागेवर आहेत, आणि धुणेही पुन्हा जुन्या पाणवठ्यावर होते.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी सुरू झाला आणि शहापूर तालुक्यातून रात्रंदिवस भरधाव गाड्या धावू लागल्या. अशा रस्त्यावर गाडीचा वेग आणि नंबर टिपणारा कॅमेरा हवाच. कोणाला उडवून पळालेली गाडी शोधायला तोच उपयोगी पडतो. कॅमेरा गरिबाच्या बाजूनेही उभा राहू शकतो. 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत आणि व्हरांड्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला आणि चित्रण 18 महिने, ते न जमल्यास निदान एक वर्ष, जपून ठेवायला सांगितले. कोठडीत कोणाला मारहाण झाली तर ती दिसावी, यासाठी तो आदेश आहे. तेव्हा कॅमेरा चांगला की वाईट, हा प्रश्न विळा चांगला की वाईट असे विचारण्यासारखा आहे.

पण त्याच्याकडून अपेक्षा किती ठेवावी हेही सांगतो, कारण त्यात पैसे तुमचे जातात. कॅमेरा चोराला पकडत नाही, चोराचे चित्र पकडतो. आणि चोराने टॉवेल बांधला असला तर टॉवेलाचे चित्र पकडतो. रात्रीच्या लाल दिव्यांचा उजेड साध्या कॅमेऱ्यात पंचवीस-तीस मीटरच्या पुढे कामाचा नसतो. त्या दिव्यांच्या उबेला किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळे विणतो, आणि मग रात्रभर चित्रात जाळेच दिसते. शेजारी बांबूचे बेट असेल तर पान हलले की मोबाईल वाजतो. आठवड्याने माणूस तो आवाजच बंद करून टाकतो. आणि आपल्याकडच्या पावसात, जून ते सप्टेंबर, सोलरची पट्टी बॅटरी नीट भरतच नाही. त्यापेक्षा मोटारीच्या अंगावर छिन्नीने आपले नाव व गट नंबर कोरा, खरेदीची पावती आणि मोटारीचा अनुक्रमांक घरात जपून ठेवा, आणि पाच-सहा जणांनी मिळून रात्रीच्या फेरीची पाळी लावा. चोरीची मोटार विकताना कोरलेले नाव चोराला फार अडचणीचे होते. एवढे करून मग कॅमेरा लावलात तर त्याचा उपयोग आहे.

आता पासवर्डचे. डब्यातून निघालेल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्याने घातलेला असतो आणि तो साऱ्या जगाला माहीत असतो. 2025 च्या फेब्रुवारीत गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्यांचे चित्रण बाहेर फुटले. तपासणीच्या खोलीतल्या बायकांची चित्रे इंटरनेटवर विकली जात होती. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीकडची तरुण पोरे होती. कोणी भिंत फोडून आत गेले नव्हते; साधा, न बदललेला पासवर्ड वापरून घरबसल्या आत शिरले होते. आपण गोठ्याला कडी घालतो, भाताच्या कणगीला झाकण घालतो, आणि घरात डोकावणाऱ्या यंत्राला मात्र कुलूप घालत नाही. कॅमेरा बसवणाऱ्याच्या समोरच नवा पासवर्ड घाला, तो त्याला सांगू नका, आणि घराच्या आत कॅमेरा लावूच नका. खळ्यावर लावा, गोठ्यावर लावा, दारात लावा, माजघरात नको.

शेतात कॅमेरा लावून भेंडी तोडणाऱ्या मजूरबायांवर नजर ठेवणारेही आहेत. किती वेळ बसल्या, किती वेळा पाणी प्यायल्या, हे घरी खाटेवर पडून पाहायचे. ज्यांना हे शोभते त्यांना मी काय सांगणार? मजूर मिळत नाही अशी तक्रार मग त्यांनी माझ्याकडे करू नये.

रानातल्या कॅमेऱ्याचा विषय याहून नाजूक आहे. आपल्याकडे तानसा अभयारण्य आहे आणि मुरबाडच्या माथ्यावर माळशेज. घाट चढून गेले की जुन्नरचा मुलूख लागतो. तिकडे बिबट्याचा किती जाच आहे ते तुम्ही वाचले असेल. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने लहान मुलेसुद्धा मारली. तिथे जनावर दिसताच भोंगा वाजवणारे कॅमेरे बसवले जात आहेत. ज्याचे मूल गेले त्याला कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल सांगायची माझी छाती नाही. भोंगा वाजून एक जीव वाचला तरी त्या कॅमेऱ्याची किंमत वसूल झाली.

तरीही दुसरी बाजू आहे. जनावरांच्या वाटेवर झाडाला बांधलेला कॅमेरा अंगाची उष्णता आणि हालचाल ओळखून आपोआप चित्र काढतो. वाघ गेला काय आणि बाई गेली काय, त्याला फरक नाही. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांत केंब्रिज विद्यापीठाच्या एका संशोधकाने 14 महिने राहून सुमारे 270 लोकांशी बोलून अभ्यास केला. तो 2024 च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की 2017 मध्ये रानात शौचाला बसलेल्या एका स्वमग्न बाईचे चित्र अशाच कॅमेऱ्याने टिपले, ते तात्पुरत्या नेमलेल्या काही पोरांच्या हाती लागले आणि त्यांनी ते मोबाईलवर गावभर फिरवले. चिडलेल्या गावकऱ्यांनी मग कॅमेरे जाळले. म्हणजे वाघाची मोजणीही बुडाली.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तिथल्या बायका लाकूडफाट्याला जाताना मोठ्याने गाणी म्हणत, गप्पा मारत जात. हौस म्हणून तर खरेच, पण आवाजाने जनावर बाजूला होते म्हणूनही. कॅमेरे आल्यावर त्या दबकून, गप्प चालू लागल्या. गप्प चालणाऱ्या माणसाची आणि जनावराची गाठ अवचित पडते, आणि अवचित गाठ पडली की जनावर अंगावर येते. आपल्याकडे पहिल्या पावसात शेवळं आणायला, चैत्रात मोहाची फुले वेचायला, वैशाखात करवंदांना बायका-पोरी भल्या पहाटे रानात जातात. कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात ती शेवळं विकून घरात मीठ-मिरची येते. वनखात्याने आपल्या रानात कॅमेरा लावला तर तो कोणत्या वाटेवर आहे, चित्रे कोण पाहतो आणि माणसांची चित्रे पुसली जातात का, हे विचारण्याचा त्या बायकांना हक्क आहे. वनरक्षक आपलाच माणूस असतो. नीट विचारले तर सांगतो.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. कॅमेरा बसवला की चित्र हाती येते, आणि हाती आलेले चित्र मोबाईलवर फिरवल्याशिवाय आजकाल कोणाला चैन पडत नाही. "हा इसम काल रात्री गावात फिरत होता, सावध राहा." एवढे एक वाक्य आणि खाली अंधुक चेहरा. तो इसम कोण असतो? कधी भंगारवाला, कधी चादरी विकणारा, कधी भिक्षेकरी, कधी दुसऱ्या पाड्यातला जावई. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना गावकऱ्यांनी ठेचून मारले. ती सोलापूरच्या मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेली गरीब माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश त्या दिवसांत मोबाईलवर फिरत होते. 16 एप्रिल 2020 च्या रात्री गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीवान अशाच अफवेपायी जिवानिशी गेले. गडचिंचले काही परमुलखात नाही. 2014 मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. दोन्ही ठिकाणचे लोक राखण करायलाच बाहेर पडले होते. आणि 2024 च्या पावसाळ्यात पुणे, अहिल्यानगर, बीडकडच्या गावांवर रात्री ड्रोन दिसू लागले तेव्हा तिथली गावेच्या गावे लाठ्या घेऊन जागी राहिली. अशा जागरणात अनोळखी माणूस सापडला तर काय होते, याची मला धास्ती वाटते.

आणखी एक पाहिले आहे. गावात कॅमेरे बसतात तेव्हा पहिला कॅमेरा कातकरी वाडीच्या वाटेवर रोखलेला असतो. का, तर म्हणे चोऱ्या तिकडूनच होतात. पुरावा काही नाही. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून अख्ख्या जमाती जन्मापासूनच चोर ठरवल्या, त्यांना पोलिसांत हजेरी द्यायला लावली. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत केली, तिला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. आता ग्रामपंचायतीने स्वतःच्या पैशाने खांबावर तो परत टांगू नये. वाडीतले निम्मे लोक दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेले असतात, आणि मोटारींच्या चोऱ्या होतात त्याही त्याच महिन्यांत, याचा तरी विचार व्हावा.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात. 1962 मध्ये खडकसिंग नावाच्या माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचे रात्री-अपरात्री घरी येऊन चौकशी करणे रद्द ठरवले होते, पण खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाही असेही म्हटले होते. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की तो मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, कारण रास्त हवे, आणि कारणापुरताच हात घातला पाहिजे. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच कसोटीवर एका व्यापाऱ्याचे फोन चोरून ऐकण्याचे तीन सरकारी हुकूम रद्द केले आणि ते ध्वनिमुद्रण नष्ट करायला सांगितले. माणसाच्या माहितीच्या जपणुकीचा वेगळा कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले. मात्र त्यातली मुख्य बंधने लागू व्हायला नियम निघाल्यापासून 18 महिन्यांची मुदत आहे, आणि सुरक्षेच्या कारणाने सरकारी खात्यांना सूट देण्याची वाटही त्यात ठेवली आहे. ही वाट मला फार रुंद वाटते. बाईला आडोशाच्या ठिकाणी, अंघोळ करताना किंवा शौचाला बसली असताना चोरून पाहणे, तिचे चित्र काढणे किंवा ते फिरवणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षांची कैद आहे. "मी फक्त पुढे पाठवले" हे उत्तर तिथे चालत नाही.

उपयोगाची आणखी एक बाब. कॅमेऱ्यातला पुरावा न्यायालयात टिकायचा असेल तर चित्रणाबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते. म्हणून चोरी झाली तर चित्र गटावर टाकण्याआधी यंत्राला हात न लावता पोलीस पाटलांना कळवा. गटावर टाकलेत तर चोर सावध होतो आणि निरपराध माणूस अडकतो.

येत्या 26 जानेवारीला ग्रामसभा आहे. तिच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते. ती कागदावर उरकू देऊ नका, कॅमेऱ्याचा विषय तिथेच पहिल्याने काढा. शहापूर तालुका सबंध आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे ग्रामसभेच्या शब्दाला अधिकच वजन आहे. ठरावात काय लिहावे असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो: कॅमेरे किती, कोणत्या खांबावर, तोंड कोणीकडे, पाणवठा, शौचाची वाट, कोणाचे अंगण दिसणार नाही, खाली मराठीत पाटी, चित्रण पंधरा दिवसांनी आपोआप पुसले जाईल, यंत्राची खोली कुलूपबंद, एक किल्ली ग्रामसेवकाकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), दुसरी महिला सदस्याकडे, चित्रण कोणी, कधी, कशासाठी पाहिले ते वहीत सहीनिशी लिहायचे, पोलिसांनी मागितल्यास लेखी पत्र घेऊन द्यायचे, मोबाईलवर कोणी घेणार नाही, सरपंचसुद्धा नाही. आणि वर्षाने पुन्हा ग्रामसभेपुढे हिशेब: कॅमेऱ्याने काय साधले, ठेवायचा की काढायचा. माळा जसा हंगाम संपल्यावर मोडतात तसा एखादा कॅमेरा काढून टाकायलाही हरकत नसावी.

सरपंच म्हणतील, इतके सोपस्कार कशाला? त्यांना ती नदीवरची हकीकत सांगा.

वालावर ढगाळ हवेत मावा येण्याचा संभव आहे. शेंडे उलटे करून पाहत जा. पुढील अंकी त्याविषयी.